तारकानकाशा हातात असूनही आकाशाशी जुळत नाही. तो नेमका कसा वाचावा?

प्रश्न – क्षितिजरेषा

नमस्कार. तारकानकाशाच्या आधारे आकाश ओळखण्याचा मी काही काळापासून नेटाने प्रयत्न करीत आहे. माझ्याजवळ दोन नकाशे आहेत. एक वर्तुळाकार मासिक नकाशा असून त्याखाली ‘महिन्याच्या मध्यास रात्री नऊ वाजता दिसणारे आकाश’ असे छापलेले आहे. दुसरी पुठ्ठ्याची फिरती तबकडी असून तिच्यावर तारीख आणि वेळ जुळवली की खिडकीत त्या वेळचे आकाश दिसते. दोहोंवरील सूचना मी लक्षपूर्वक वाचल्या आहेत, आणि सप्तर्षी व मृग हे तारकासमूह मला नकाशाशिवायही ओळखता येतात. अडचण त्यांच्यापुढे सुरू होते.

नकाशात सिंह, भूतप आणि कन्या हे समूह सप्तर्षींपासून बोटभर अंतरावर दिसतात. वर पाहिले की मात्र तेथे काही सुटे तारे असतात आणि त्यांतून कोणतीही आकृती उभी राहत नाही. नकाशात पूर्व डावीकडे आणि पश्चिम उजवीकडे छापलेली असल्यामुळे तो समोर धरावा की डोक्यावर, हेही निश्चित होत नाही. शिवाय नकाशात ठिपक्यांची एवढी दाटी आहे की आकाशात दिसणारा तारा त्यांपैकी कोणता हे ठरवता येत नाही. रात्री उशिरा पाहिले तर सगळेच सरकलेले असते, आणि तबकडीवर वृश्चिकाचा आकार इतका पसरट दिसतो की तो प्रत्यक्षातील वृश्चिक वाटतच नाही.

नकाशा आणि आकाश यांची सांगड घालण्याची एखादी निश्चित पद्धत आहे का? केवळ सरावाने जमते असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे, परंतु सराव कशाचा करावा हेच मला जाणून घ्यायचे आहे.

उत्तर – शुक्लपक्ष

आपला प्रश्न अगदी नेमका आहे. तारकानकाशा वाचताना दिशेपेक्षाही अधिक घोटाळा मापामुळे होतो, आणि नकाशावरील सूचनांमध्ये मापाविषयी सहसा एक ओळही नसते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

वर्तुळाकार नकाशाचा परीघ म्हणजे क्षितिज, आणि केंद्र म्हणजे आपल्या बरोबर डोक्यावरचा बिंदू, अर्थात खमध्य. एका क्षितिजापासून खमध्यातून समोरच्या क्षितिजापर्यंत १८० अंश होतात. नकाशाचा व्यास १८ सेंटिमीटर आहे असे मानले तर कागदावरील एक सेंटिमीटर म्हणजे आकाशातील सुमारे १० अंश. सप्तर्षींची आकृती बाकाच्या टोकावरील मरीचीपासून चौकोनाच्या दूरच्या कोपऱ्यातील क्रतूपर्यंत साधारण २५ अंश लांब आहे, म्हणजे नकाशावर ती जेमतेम अडीच सेंटिमीटर भरते. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, तो या मापाने अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका होईल. कागदावर बोटभर अंतरावर असलेला सिंह आकाशात चार-पाच मुठी दूर असतो, आणि आपण त्याला सप्तर्षींच्या अगदी शेजारी, चार-पाच अंशांत शोधत असतो. तेथे जे सुटे तारे दिसतात ते सिंहाचे नसतातच. नवा निरीक्षक जवळजवळ नेहमी आकृती फार लहान धरतो आणि फार जवळ शोधतो.

म्हणून सर्वप्रथम अंशांचे माप हातावर बसवावे. हात पूर्ण लांब करून एक डोळा मिटला असता मुठीची रुंदी सुमारे १० अंश, मधल्या तीन बोटांची ५ अंश आणि करंगळीच्या टोकाची १ अंश भरते. ज्यांचा हात लहान असतो त्यांची मूठही बहुधा त्याच प्रमाणात लहान असते, त्यामुळे मुलांनाही हेच माप चालते. तरीही आपल्या हाताची पारख आकाशातच करून घ्यावी. सप्तर्षींच्या चौकोनातील, बाकापासून दूरच्या बाजूवरील क्रतू आणि पुलह या ताऱ्यांत साडेपाच अंशांच्या किंचित आत अंतर आहे. तीन बोटे त्यांच्यामध्ये बसतात का ते पाहावे. मृगातील काक्षी आणि राजन्य या दोन सर्वांत तेजस्वी ताऱ्यांतील अंतर १९ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे दोन मुठींना थोडे कमी. यानंतर आपल्या नकाशाचा व्यास मोजून एका सेंटिमीटरचे किती अंश होतात हा आकडा नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवावा. हा एकच आकडा पुढील बराच शोध वाचवतो.

आता दिशेविषयी. जमिनीचा नकाशा आपण वरून खाली पाहतो आणि आकाशाचा नकाशा खालून वर पाहतो, म्हणून पूर्व आणि पश्चिम उलट दिसतात. उत्तरेकडे डोके आणि दक्षिणेकडे पाय करून पाठीवर झोपले की पूर्व आपल्या डाव्या हाताला येते. नकाशात तेच छापलेले असते. परंतु प्रत्यक्षात नकाशा डोक्यावर धरण्याची गरज नाही, आणि तो तसा धरला की मान अवघडते. ज्या दिशेला तोंड असेल त्या दिशेचे नाव खाली येईल असा नकाशा फिरवून समोर धरावा. दक्षिणेकडे पाहताना ‘दक्षिण’ खाली, पूर्वेकडे वळल्यावर ‘पूर्व’ खाली. अशा वेळी नकाशाचा खालचा अर्धा भाग समोरच्या आकाशाशी जुळतो. वरचा अर्धा भाग आपल्या पाठीमागचा असतो आणि त्याकडे तेवढ्यापुरते दुर्लक्ष करणेच योग्य. हातातील अक्षरे उलटी किंवा आडवी झाली म्हणून अनेकजण नकाशा पुन्हा सरळ करतात. तसे केल्यास जुळणी मोडते.

यानंतरचे काम ओळखीच्या समूहावरून रेषा काढत पुढे जाण्याचे आहे. आपल्याला सप्तर्षी ओळखता येतात, म्हणून त्यांचेच उदाहरण घेतो. पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेषा त्या दोघांतील अंतराच्या पाचपट पुढे नेली की ध्रुव तारा सापडतो. तो दुसऱ्या प्रतीचा, म्हणजे मध्यम तेजाचा आहे, आणि आकाशातील सर्वांत तेजस्वी ताऱ्यांत त्याची गणना होत नाही, हे लक्षात ठेवावे. अंगिरा, वसिष्ठ आणि मरीची यांचा जो बाक आहे तो त्याच वळणाने पुढे नेला की मरीचीपासून तीन मुठींवर नारिंगी छटेचा स्वाती येतो. हा भूतपाचा मुख्य तारा. तेच वळण आणखी तीन मुठींहून किंचित जास्त नेले की निळसर पांढरी चित्रा भेटते, आणि तिच्यामुळे कन्येची जागा ठरते. चौकोनाच्या बाकाकडील बाजूवरील अत्रीकडून पुलस्त्याकडे काढलेली रेषा साडेचार मुठींहून किंचित जास्त पुढे नेली असता सिंहातील मघा या ताऱ्यापाशी पोहोचते. मघेच्या वर उलट्या प्रश्नचिन्हासारखी जी ताऱ्यांची वक्र रांग दिसते ते सिंहाचे डोके आणि आयाळ होय. आपण विचारलेले तिन्ही समूह अशा रीतीने एका सप्तर्षींवरून निघतात.

मृगाकडूनही असेच दोन मार्ग फुटतात. त्याच्या कमरेचे तीन तारे ज्या सरळ रेषेत आहेत ती आग्नेयेकडे वाढवली की सुमारे सव्वादोन मुठींवर व्याध येतो, आणि वायव्येकडे जवळपास तितक्याच अंतरावर रोहिणी. तेथून आणखी दीड मुठीच्या आत कृत्तिकांचा पुंजका आहे. या कमरेच्या ताऱ्यांपैकी सर्वांत वायव्येकडचा तारा खगोलीय विषुववृत्ताला, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वर्तुळाला, जवळजवळ चिकटून असल्यामुळे तो पृथ्वीवर कोठूनही जवळपास नेमक्या पूर्वेला उगवतो आणि नेमक्या पश्चिमेला मावळतो. होकायंत्र नसताना दिशा ठरवण्यासाठी मला याहून सोयीचा तारा माहीत नाही.

एक सूचना आग्रहाने करतो. एका रात्री एकच नवा समूह घ्यावा, पण तो नकाशावर हात ठेवून, मुठी मोजून, शेजारच्या किमान दोन ओळखीच्या ताऱ्यांशी ताडून पक्का करावा. नाव आठवण्यापेक्षा अंतर आणि दिशा आठवणे अधिक उपयोगाचे ठरते.

उत्तर – याम्योत्तर

वरील उत्तरातील मापाचा मुद्दा मोलाचा आहे. त्याला वेळ, अक्षांश आणि तबकडीची विकृती या तीन गोष्टींची जोड देतो, कारण नकाशा बरोबर धरूनही तो न जुळण्यामागे बहुधा यांपैकी एक कारण असते.

तारे दररोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात. पंधरवड्यात हा फरक एक तासाचा आणि महिन्यात दोन तासांचा होतो. म्हणून महिन्याच्या मध्यास रात्री नऊसाठी छापलेला नकाशा त्याच महिन्याच्या आरंभी दहा वाजता आणि अखेरीस आठ वाजता लागू पडतो. याच हिशेबाने रात्री उशिराचा नकाशाही मिळतो. जानेवारीच्या मध्यास मध्यरात्री, म्हणजे नऊनंतर तीन तासांनी, जे आकाश दिसते ते दीड महिन्याने पुढच्या, अर्थात फेब्रुवारी संपतानाच्या नऊ वाजताच्या आकाशासारखेच असते. रात्री उशिरा सगळेच सरकलेले असते असे आपण लिहिले आहे, त्याचे उत्तर एवढेच आहे की तासाला १५ अंश, म्हणजे दीड मूठ, या गतीने आकाश पश्चिमेकडे फिरते. बाराचे आकाश नऊच्या नकाशावर शोधले तर साडेचार मुठींचे अंतर पडणारच.

घड्याळाची वेळही तपासून घ्यावी. नकाशे स्थानिक वेळेनुसार आखलेले असतात, आणि प्रमाणवेळेच्या रेखांशापासून आपण जितके अंश दूर असू तितक्या अंशांना प्रत्येकी चार मिनिटे फरक पडतो. नुसत्या डोळ्यांनी पाहताना अर्ध्या तासापर्यंतची चूक सोसते. पण जेथे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात तेथे तो तास वजा करूनच तबकडी फिरवावी लागते.

अक्षांशाचा प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि आपण तो विचारलेला नसला तरी तबकडीवर कोणता अक्षांश छापला आहे ते अवश्य पाहावे. उत्तर गोलार्धात ध्रुव ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाएवढी असते. ५० अंश उत्तर अक्षांशासाठी केलेली तबकडी २० अंशांवर वापरली तर तिच्यात ध्रुव तारा पाच मुठी वर दाखवलेला असेल आणि प्रत्यक्षात तो दोनच मुठी वर सापडेल. दक्षिणेकडचा तर मोठा पट्टाच तिच्यात नसेल. अगस्त्य तारा साधारण ३७ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे क्षितिजावर येतच नाही, त्यामुळे ५० अंशांच्या तबकडीच्या खिडकीत तो कधीच दिसणार नाही. व्याधाच्या खालोखाल तेजस्वी असलेला तारा नकाशात नाही म्हणून एखादा निरीक्षक बुचकळ्यात पडला तर दोष त्याचा नव्हे. चार-पाच अंशांचा फरक मात्र सहज चालतो.

वृश्चिक पसरट का दिसतो, हा प्रश्न मला फार आवडला. फिरत्या तबकडीचा मध्य खमध्य नसून उत्तर ध्रुव असतो, आणि ध्रुवापासून जसजसे दूर जावे तसतसा आकाशाचा भाग पूर्व-पश्चिम ताणला जातो. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला ३० अंशांवर हा ताण दुपटीहून अधिक असतो, आणि ४० अंशांवर तो जवळपास तिप्पट होतो. वृश्चिकाची नांगी नेमकी तेथेच येते. याला इलाज नाही, कारण गोल पृष्ठभाग सपाट करताना कोठेतरी ओढाताण होणारच. म्हणून मी स्वतः तबकडीचा उपयोग कोणता समूह केव्हा, कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर असेल एवढेच ठरवण्यासाठी करतो. त्याचा आकार ओळखण्यासाठी खमध्य केंद्रात असलेला मासिक नकाशा, किंवा त्याहून उत्तम म्हणजे त्या भागाचा स्वतंत्र मोठा नकाशा घेतो. माझ्या मते आरंभी तबकडी एकटी वापरू नये. मासिक नकाशातही क्षितिजालगत थोडा ताण असतो, परंतु तो सुसह्य आहे.

याखेरीज डोळ्यांची एक फसवणूक आहे. उगवता चंद्र जसा मोठा भासतो तसेच क्षितिजालगतचे तारकासमूहही मोठे भासतात, आणि तेच समूह डोक्यावर आले की आक्रसल्यासारखे वाटतात. मूठ लावून पाहिली की दोन्ही ठिकाणी माप तेच भरते.

पुरवणी प्रश्न – क्षितिजरेषा

दोन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. माझ्या मासिक नकाशाचा व्यास मोजला. एका सेंटिमीटरला साधारण आठ अंश येतात. मघेकडे जाणारी रेषा त्या मापाने काढली असता वाटेत दोन गोष्टी खटकल्या. मघेपासून मुठीभर अंतरावर मघेहून कितीतरी तेजस्वी असा एक तारा आहे आणि तो दोन्ही नकाशांत नाही. तसेच सिंह व सप्तर्षी यांच्यामध्ये नकाशात जे अनेक बारीक ठिपके आहेत त्यांपैकी एकही मला आकाशात दिसला नाही. फोनवरील आकाशदर्शनाच्या ॲपने याची उत्तरे मिळतील, परंतु त्याची सवय लागल्यास कागदी नकाशा वाचण्याचे कौशल्य येणार नाही अशी मला शंका आहे. याविषयी आपले मत काय?

उत्तर – चांद्रमास

तो तेजस्वी ‘तारा’ ग्रह आहे, असे जवळजवळ खात्रीने सांगता येते. छापील नकाशात ग्रह दाखवत नाहीत, कारण ते ताऱ्यांच्या सापेक्ष सतत जागा बदलतात. पण ते कोठे असू शकतात हे नकाशाच सांगतो. नकाशावर क्रांतिवृत्ताची, म्हणजे सूर्याच्या ताऱ्यांमधील वार्षिक मार्गाची, जी तुटक रेषा असते तिच्या दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त आठ-नऊ अंशांच्या पट्ट्यातच नुसत्या डोळ्यांना दिसणारे सर्व ग्रह फिरतात. मघा या रेषेपासून अर्ध्याच अंशावर आहे. चित्रा दोन अंशांवर, आणि ज्येष्ठा व रोहिणी पाच अंशांच्या आसपास. या चार ताऱ्यांजवळ नकाशात नसलेला पाहुणा दिसला की प्रथम ग्रहाचाच विचार करावा. उलट, सप्तर्षींच्या चौकोनात किंवा शर्मिष्ठा तारकासमूहात असा तेजस्वी बिंदू दिसला तर तो ग्रह असू शकत नाही.

कोणता ग्रह हेही पुष्कळदा तर्काने ठरते. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांहून अधिक दूर जात नाही, त्यामुळे रात्री उशिरा आकाशात उंच दिसणारा ग्रह शुक्र नसतो. गुरू व्याधाहूनही तेजस्वी, पांढरट आणि स्थिर प्रकाशाचा दिसतो. शनी पिवळसर असून तेजात स्वातीच्या जवळपास किंवा त्याहून थोडा कमी असतो. मंगळाची तांबूस छटा ओळखू येते, पण त्याचे तेज फार बदलते. ग्रह ताऱ्यांच्या मानाने कमी लुकलुकतात हे खरे असले तरी क्षितिजालगत ग्रहही लुकलुकतात, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे नकाशावर त्याची जागा पेन्सिलीने तारखेसह नोंदवणे आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहणे. गुरू राशिचक्राची फेरी सुमारे १२ वर्षांत पुरी करतो, म्हणजे एका राशीत साधारण वर्षभर असतो. शनीला एका फेरीसाठी साडेएकोणतीस वर्षे लागतात. मंगळ मात्र काही आठवड्यांतच लक्षात येण्याइतका सरकतो. अशी नोंद ठेवली की एखादा ग्रह काही काळ उलट दिशेने सरकतो, वक्री होतो, हेही आपल्याच नकाशावर उमटते. माझ्या दृष्टीने कागदी नकाशाचा हा सर्वांत मोठा आनंद आहे, कारण त्यावर आपली निरीक्षणे साठत जातात.

बारीक ठिपक्यांचे कारण तेजाच्या प्रतींत आहे. नकाशात ठिपक्याचा आकार ताऱ्याचे तेज दाखवतो. ताऱ्याच्या खऱ्या आकाराशी त्याचा संबंध नसतो. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक. हे प्रमाण नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये सुचवले. व्याधाची प्रत उणे १.४६ आहे, अभिजितची जवळपास शून्य, ध्रुवाची २, आणि निर्मळ काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांची मर्यादा सुमारे ६. सहाव्या प्रतीपर्यंतचे सुमारे पाच हजार तारे संपूर्ण आकाशात आहेत, तर चौथ्या प्रतीपर्यंतचे साधारण पाचशेच. आपल्या आकाशात उजेड असेल आणि चौथ्या प्रतीपलीकडे काही दिसत नसेल, तर नकाशातील दहा ठिपक्यांपैकी नऊ आपल्यासाठी नाहीतच.

आपली मर्यादा ठरवण्यासाठी ध्रुवमत्स्याचा, म्हणजे ध्रुव तारा ज्यात आहे त्या तारकासमूहाचा, उपयोग करावा. त्याच्या सात ताऱ्यांपैकी ध्रुव आणि दुसऱ्या टोकाचे दोन तारे दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे आहेत, आणि मधले चार चौथ्या-पाचव्या प्रतीचे. केवळ तीन दिसले तर नकाशातील तिसऱ्या प्रतीपर्यंतचे ठिपके तेवढे रंगीत पेन्सिलीने गडद करून घ्यावेत आणि बाकीचे नाहीतच असे समजून नकाशा वाचावा. सातही दिसले तर पाचव्या प्रतीपर्यंत निर्धास्त जावे. हे पाहण्यापूर्वी डोळ्यांना अंधारात वीस ते तीस मिनिटे रुळू द्यावे. नकाशा वाचण्यासाठी मंद लाल प्रकाश वापरावा, कारण अंधारात काम करणाऱ्या डोळ्यांतील पेशी लाल प्रकाशाला फारच कमी प्रतिसाद देतात आणि त्यामुळे रुळलेली दृष्टी टिकते. पांढऱ्या प्रकाशाची एक झलकही ती घालवते.

हेच कारण मला फोनच्या बाबतीत पुरेसे वाटते. ॲप वाईट नाही; ग्रहाचे नाव पडताळण्यासाठी ते उत्तम आहे, आणि आपल्या अक्षांशाचा त्या क्षणाचा नकाशा ते अचूक देते. परंतु फोनमधील होकायंत्र जवळपासच्या लोखंडामुळे अनेक अंशांनी चुकते, आणि पडदा आकाशाचा जो लहानसा तुकडा दाखवतो त्यातून समूहांची परस्पर अंतरे मनात बसत नाहीत. आधी कागदावरून तर्क करावा, तो लिहून ठेवावा, आणि नंतरच ॲपला विचारावे.

उत्तर – उत्तररात्र

या चर्चेत द्विनेत्रीचा (बायनॉक्युलरचा) उल्लेख आला नाही, म्हणून थोडी भर घालतो. नकाशा खऱ्या अर्थाने कामाला येतो तो नुसत्या डोळ्यांना अंधुक दिसणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या गोष्टी शोधताना, आणि तेथे मुठींचे माप अपुरे पडते.

७×५० च्या, म्हणजे सातपट मोठे दाखवणाऱ्या आणि ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगांच्या, द्विनेत्रीत साधारण ७ अंशांचे क्षेत्र दिसते. नकाशाच्या प्रमाणात तेवढे वर्तुळ पारदर्शक प्लास्टिकवर काढून कापून घ्यावे. आपल्या मासिक नकाशावर ते एका सेंटिमीटरहूनही लहान भरेल, यावरूनच लक्षात येईल की या कामासाठी मोठ्या प्रमाणाचा नकाशा लागतो. एका सेंटिमीटरला दोन-तीन अंश असतील तर सोयीचे. हे वर्तुळ नकाशावर एका ताऱ्यावरून पुढच्या ताऱ्यावर सरकवावे, प्रत्येक मुक्कामाला त्यात कोणते ठिपके येतात ते पाहावे, आणि तेच ठिपके द्विनेत्रीत दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

देवयानी दीर्घिकेचा मार्ग या पद्धतीसाठी उत्तम आहे. महाश्वाचा मोठा चौकोन, ज्याची प्रत्येक बाजू सुमारे दीड मुठीची आहे, प्रथम नुसत्या डोळ्यांनी शोधावा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातील ताऱ्यापासून देवयानीची रांग निघते. त्या रांगेत साधारण साडेचौदा अंशांवर असलेला, त्या कोपऱ्यातील ताऱ्याच्याच तोडीचा तेजस्वी तारा द्विनेत्रीच्या मध्यावर आणावा. हा किंचित तांबूस आहे. तेथून रांगेला काटकोनात, शर्मिष्ठेच्या बाजूला वळावे. सुमारे चार अंशांवर एक मंद तारा येतो आणि त्याच दिशेने पुढे सुमारे तीन अंशांवर आणखी एक. या दुसऱ्या ताऱ्याच्या शेजारी, सव्वा अंशावर, जो लांबट अंधुक ढगासारखा डाग दिसतो तीच सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका. तिच्याकडे थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवली तर ती अधिक स्पष्ट होते, कारण दृष्टिपटलाच्या मध्यापेक्षा कडेचा भाग मंद प्रकाशाला जास्त संवेदनशील असतो. छायाचित्रांतील सर्पिल भुजांची अपेक्षा ठेवू नये. द्विनेत्रीत तिचा मध्यभागच प्रामुख्याने दिसतो.

मोठ्या प्रमाणाचे नकाशे घेताना कोपऱ्यात २००० सालचा संदर्भकाल लिहिलेला आढळेल, आणि जुन्या नकाशांत १९५०. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे, म्हणजे भोवऱ्यासारख्या संथ डोलण्यामुळे, विषुवांश आणि क्रांती (आकाशातील रेखांश व अक्षांश) यांची जाळी दर ७२ वर्षांत सुमारे एका अंशाने सरकते, म्हणून हा उल्लेख असतो. ताऱ्यांची परस्परांतील मांडणी त्यामुळे बदलत नाही. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जात शोध घेणाऱ्याला १९५० चा नकाशाही तितकाच उपयोगी आहे; केवळ आकडे देऊन दुर्बीण वळवायची असेल तेव्हा मात्र संदर्भकाल पाहावा.

द्विनेत्रीत प्रतिमा सरळ दिसते, म्हणून नकाशा फिरवण्याचा वर दिलेला नियम तिच्यासाठीही तसाच लागू पडतो. आरशाच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते, तेव्हा नकाशा पूर्ण १८० अंश फिरवून धरावा. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा जोडला असेल तर डावी-उजवी बाजू बदलते आणि कागद कितीही फिरवला तरी जुळत नाही. अशा वेळी नकाशाची आरशातील प्रतिमा छापून घेणे हाच सोपा उपाय आहे.